रिकाम्या थैलीचा साहेब

आकाशवाणीच्या बातम्यांत अधूनमधून एक वाक्य येत असे : शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक या महिन्यात इतक्या अंकांनी वाढला. हे वाक्य ऐकताना सर्वसाधारण माणूस आमटीत मीठ पडले आहे की नाही याचा विचार करीत असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु नव्वदच्या दशकातील काही वर्षे ते वाक्य कानी पडले की मी हातातला घास ताटात ठेवून ताठ बसत असे. त्या आकड्यात माझा वाटा होता. देशभरातल्या असंख्य गावांमधून भाव गोळा होत, त्यांची सरासरी निघे, सरासरीला भार दिला जाई, आणि मग कुठे तो एक आकडा तयार होई. त्यामुळे माझा वाटा विहिरीत टाकलेल्या मिठाच्या खड्याएवढा असावा. तरीही तो खडा माझा होता, आणि मी तो पारखून टाकलेला होता.

केंद्र सरकारचे संशोधन म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठ्या इमारती, जाड अहवाल आणि चष्मा लावलेले अर्थशास्त्रज्ञ उभे राहतात. ते चित्र खोटे नाही, अपुरे आहे. नदीला जसे मुख असते तसा उगमही असतो, आणि त्या जाड अहवालांचा एक उगम सिंदेवाहीच्या अलीकडच्या एका आठवडी बाजारात, सुक्या झिंग्यांच्या टोपलीशेजारी, खाकी कापडाची थैली खांद्याला लावून उभा असे. तो उगम म्हणजे मी. चंद्रपूरच्या कार्यालयातून दर महिन्याला ठरलेल्या बाजारी एस.टी.ने जायचे, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे आणि तक्त्यात भरून वर पाठवायचे, हे माझे काम. तांदूळ, डाळ, मिरची, गूळ, जवसाचे तेल, बिडीचे बंडल, लुगडे, बादली अशा, खेड्यातल्या मजुराच्या घरात लागणाऱ्या वस्तू यादीत असत.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. उत्तर लिहिण्याआधी प्रश्न शेवटपर्यंत वाचावा, ही त्यांची शिकवण माझ्या अंगी इतकी भिनली होती की कार्यालयाने दिलेली सूचना-पुस्तिका मी परीक्षेच्या अभ्यासासारखी वाचली. व्याख्यांखाली लाल रेघ, अपवादांखाली निळी. तिच्यातले दोन नियम मला विशेष आवडले. एक, वस्तूचा प्रकार कधीही बदलू नये. या महिन्यात जाड्या तांदळाचा भाव घेतला आणि पुढच्या महिन्यात बारीक तांदळाचा, तर महागाई वाढली असे दिसेल. प्रत्यक्षात फक्त तांदूळ बारीक झालेला असेल. दुसरा, विक्रेत्याने तोंडाने सांगितलेला भाव हा भाव नव्हे. ज्या किमतीला माल खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो भाव. दोन्ही नियम शास्त्रशुद्ध आहेत आणि आजही मी त्यांचा आदर करतो. माझी जी फजिती झाली ती नियमांमुळे झाली नाही. मी ते पाळल्यामुळे झाली.

पहिल्या दिवशी मी बाजाराच्या तोंडाशी उभा राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी केंद्र सरकारकडून भाव पाहण्यासाठी आलो आहे असे सांगितले. वर्गात शिरल्यावर प्रथम स्वतःचा परिचय द्यावा, हे त्यामागचे तत्त्व होते. परिचय पूर्ण होईपर्यंत अर्धा बाजार उठला. वजनमापे तपासणारा साहेब आला अशी समजूत होऊन तराजू पोत्यांखाली गेले, दगडांची वजने झुडपांत गेली, आणि एक तेली तर आपला डबा तसाच टाकून निघून गेला. त्या दिवशी माझ्या तक्त्यात मिठाशिवाय दुसरा भाव आला नाही. मीठ विकणारी म्हातारी बहिरी होती.

कार्यालयातले माझे ज्येष्ठ सहकारी हे ऐकून बराच वेळ टेबलावर डोके ठेवून हसत राहिले. मग म्हणाले, "अरे बाप्पा, सरकार होऊन काऊन जातो? गिऱ्हाईक होऊन जा. गिऱ्हाइकाले सगळे भाव सांगते."

पुढच्या महिन्यापासून मी गिऱ्हाईक झालो. पहिल्या दिवशी माझा चेहरा नीट पाहायला कुणी थांबलेच नव्हते, त्यामुळे मला कुणी ओळखले नाही. पुस्तिकेत असे होते की विक्रेत्याला उत्तर देण्यास सवड असेल अशी वेळ निवडावी. म्हणून मी सकाळी पहिल्या गाडीने जाऊन, दुकाने मांडली जात असतानाच हजर होऊ लागलो. आणि तोंडी भाव हा भाव नव्हे, म्हणून घासाघीस करू लागलो. मिरचीवाल्या बाईंपाशी साधारण असे घडत असे :

"बाई, मिरची कशी?"

बाई भाव सांगत. मी चेहरा पाडत असे. हे मी घरी आरशासमोर शिकलो होतो.

"फार होते, बाई. शेवटचा सांगा."

"शेवटचा अन् पहिला काय जी, सकाळच्या पाह्यरी तुमाले खोटं सांगू काय?" असे म्हणत त्या थोड्या खाली येत. मी पाऊल मागे घेई. त्या आणखी खाली येत. मी पाऊल पुढे टाकी. अखेर त्या तराजूत मिरच्या टाकत म्हणत, "न्या बाप्पा. बोहनी आहे, तोंड नाई पाडत. न्या याच भावानं."

हाच तो भाव! माल हातातून हातात जाण्याचा नेमका क्षण. मी समाधानाने म्हणत असे, "धन्यवाद, बाई," आणि चिंचेच्या झाडाआड जाऊन तो लिहून ठेवीत असे. समोर लिहिले तर पुन्हा तराजू पळतील, म्हणून झाडाआड.

मागून आवाज येई, "धन्यवाद काय फोडणीत टाकू? भाव पाडला तं घेऊन जा ना!"

बोहनी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते असे नाही. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक हात हलवत परत गेले तर तो सारा दिवस कोरडा जातो, असे बाजारातला प्रत्येक माणूस मानतो. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला तोट्यात द्यावे पण परतवू नये. मला हे ठाऊक होते, जसे एखाद्याला पृथ्वी गोल आहे हे ठाऊक असते : चालताना त्याचा उपयोग होत नाही. मी एकट्याने दर महिन्याला एका आख्ख्या बाजाराची बोहनी नासवीत होतो, आणि ते काम रांगेने, एकही दुकान न गाळता करीत होतो.

काही महिन्यांनी मला एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. मी बाजारात शिरताच मिरचीवाली बाई शेजारच्या कांदेवालीकडून घाईने एक कांदा विकत घेई, कांदेवाली तिच्याकडून मूठभर मिरच्या घेई, गूळवाला बिडीवाल्याला ढेपेचा तुकडा देई आणि बिडी घेई. पाहता पाहता हे लोण बाजाराच्या टोकापर्यंत जाई. मी तक्त्याच्या शेरा-रकान्यात मोठ्या कौतुकाने लिहिले : 'येथील विक्रेत्यांत परस्पर खरेदीची निकोप प्रथा आढळते.' ती प्रथा माझ्यापासून बचाव करण्यासाठी जन्मली होती. मी येण्याआधी कुणाकडून तरी बोहनी करून घ्यायची, म्हणजे मी नासवायला काही उरत नसे. हे मला बऱ्याच उशिरा, एक बाई शेजारणीला हाक मारताना कळले : "अवो, लवकर दे वो कांदा, रिकामी थैली आली!"

रिकामी थैली हे माझे बाजारातले नाव होते.

यादीत काचेच्या बांगड्याही होत्या. प्रकार असा ठरलेला : हिरव्या, साध्या, दोन-चार मापाच्या, एक डझन. हे माप माझ्या आधीच्या माणसाने ठरवले होते आणि प्रकार बदलू नये या नियमानुसार मी ते पाळत होतो. ज्यांना बांगड्यांचे माप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन-चार हे बारीक मनगटाचे माप. त्याच्या वरचे दोन-सहा, मग दोन-आठ. बांगड्या विकणारे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणे. त्यांच्या काचेच्या पेटीत सारी मापे असत. मी दर महिन्याला पेटीसमोर उकिडवा बसून तेच माप मागे, शेवटच्या भावापर्यंत येई आणि उठे. बाकीच्यांसारखे चाचा कधी चिडले नाहीत. ते दुःखी होत.

एकदा त्यांनी, हे माप तरी पाहा म्हणून, दोन-सहाची जोडी माझ्यापुढे केली. मी म्हणालो, "नाही चाचा, दोन-चारच हवे. दुसरे माप मला चालत नाही."

चाचांनी माझ्या पडक्या चेहऱ्याकडे पाहिले (तो घासाघिशीसाठी पाडलेला होता) आणि हलक्या आवाजात विचारले, "साहेब, कितने दिन से देख रहा हूं. बाईसाहेब रूठी है क्या?"

मी धन्यवाद म्हणालो आणि उठलो.

आता माझ्या बहिणीविषयी सांगितले पाहिजे, कारण या सगळ्याची किंमत तीच मोजणार होती. ती माझ्याहून धाकटी, आणि त्याच बाजारापासून जवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. उपकेंद्राची वीज वारंवार जाई. ती जोडायला येणारा लाइनमन शेजारच्याच गावचा. वीज जाण्याचे प्रमाण त्या काळात त्या उपकेंद्रापुरते थोडे वाढले होते, असे मला नंतर वाटले. पण त्याची नोंद कुणी ठेवलेली नसल्याने मी खात्रीने सांगू शकत नाही. यथावकाश त्यांच्याकडून स्थळ म्हणून विचारणा आली. आई आनंदली. बहिणीने मला ओट्यावर बोलावून सांगितले, "दादा, स्थळ आईनं पाह्यलं असं सगळ्याले सांगायचं. पण पाह्यलं मीच. तू मधात काही बोलू नको. तू बोलला की घोळ होते."

मी तिला विचारले, "मी काय बोलणार?"

"तेच तं भेव आहे," ती म्हणाली.

वडील गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष मी होतो. म्हणजे सुपारी फुटण्याआधी चौकशी व्हायची ती माझी. मुलाकडचे कर्ते म्हणजे मुलाचे मामा. भारदस्त मिशांचे, धानाची शेती असलेले, आणि दर आठवड्याला त्या बाजारात येणारे गृहस्थ. चौकशी करायची तर कुठे जायचे, हे त्यांना सांगावे लागले नाही. शाळेच्या दाखल्यावर जे लिहिलेले नसते ते बाजाराला ठाऊक असते. त्यांनी माझे वर्णन केले : चंद्रपूरचा, सरकारी नोकर, सडपातळ, चष्मा, खाकी थैली. बाजाराने वर्णन लगेच ओळखले.

एका रविवारी दुपारी मामा आमच्या घरी आले. पाणी घेतले, चहा घेतला नाही. आईने पुढे केलेला चहाचा कप तसाच राहिला, तेव्हाच आतल्या खोलीत बहिणीच्या हातातले भांडे वाजले.

"बाई," मामा आईला म्हणाले, "पोरगी आमाले पसंत आहे. पोराले तं लयच पसंत आहे. पण पोरीचा भाऊ..."

"काय झालं, भाऊ?"

"मी बाजारात विचारलं. मिरचीवाली म्हणते, त्याचं नाव काहाडू नका, सकाळी सकाळी. गूळवाला म्हणते, सगळ्यायचे भाव पाडते अन् दमडीचं घेत नाई. अख्ख्या बाजारात एक माणूस नाई भेटला ज्याच्याकून यानं काही घेतलं. एवढा चिकट माणूस! उद्या लगनात वऱ्हाडी जेवले तं हा शितं मोजत बसन."

मी म्हणालो, "मामाजी, त्याला शास्त्रीय कारण आहे..." आईने माझ्याकडे पाहिले.

"ते बी सोडा," मामा पुढे म्हणाले. "चिकट असते काही लोक. पण हे काय आहे?" आणि त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेले काही काढून ओट्यावर ठेवले. कागद उलगडला. हिरव्या बांगड्या होत्या, साध्या, एक डझन. माझा प्रकार मी कुठेही ओळखला असता.

"चाचानं सांगतलं. दर महिन्याले येते म्हणे, अन् याच मापाच्या बांगड्या विचारते. दुसऱ्या मापाले हात नाई लावत. अन् तोंड असं करते म्हणे, की पाहणाऱ्याले रडू यावं." मामांचा आवाज खाली आला. "बाई, तुमचा पोरगा बिनलग्नाचा आहे ना? मंग हा हात कोनाचा आहे? आमी सोयरीक करायची ते अशा घरात, जिथी भावाचं कुठी काही..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि ते सभ्यपणाचे होते. आईचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिले. ही नजर मी ओळखत नव्हतो. स्थिर प्रकाराचे तत्त्व समजावून सांगण्याची हीच वेळ आहे असे मी ठरवले आणि जाड्या व बारीक तांदळाच्या उदाहरणापासून सुरुवात करण्यासाठी घसा साफ केला.

तेवढ्यात बहीण बाहेर आली. मामांना वाकून नमस्कार केला, आणि कुणी काही बोलण्याआधी ओट्यावरची एक बांगडी उचलली.

"माह्याच आहेत ना ह्या, दादा?" ती म्हणाली.

येथे एक तपशील देणे भाग आहे. माझ्या बहिणीचे माप दोन-सहा होते. हे मला निश्चित ठाऊक होते. दिवाळीला मीच आणीत असे. हे सांगण्यासाठी माझे तोंड उघडलेही. तिने माझ्याकडे पाहिले. इंजेक्शन देण्याआधी ती रडणाऱ्या पोरांकडे पाही तशी. मी तोंड मिटले.

तिने अंगठा तळहाताच्या आत दुमडला, बोटे जवळ घेतली आणि बांगडी चढवू लागली. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. ती हसत होती. मामांना तिने विचारले, "मामाजी, प्रवासात ऊन लागलं असन ना?" आणि ते "हो, लागलं ना," म्हणून मान हलवेपर्यंत बांगडी मनगटात होती. मग दुसरी. मग तिसरी. काच एकदाही तडकली नाही, याबद्दल मला आजही काचेचे नव्हे, बहिणीचे कौतुक वाटते. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी लाल ओरखडा उठला होता. तो तिने पदराखाली घेतला.

मामा त्या हाताकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत चालले होते.

"म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "बांगड्या बहिणीच्या... अन् तांदूळ, डाळ, गूळ, तेल... लुगडं विचारलं, बादली विचारली..." एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे! हा तं लगनाची यादी घेऊन हिंडून राह्यला होता!"

यादी सरकारची आहे हे आईला ठाऊक होते, पण तिला कुणी प्रश्न विचारलेला नव्हता. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहू नये, असे वडील तिलाही सांगत असत.

"स्थळ यायच्या आधीपासून!" मामा म्हणाले. "बापाच्या माघारी! दर महिन्याले भाव काहाडून ठेवते, का कधी सस्त होते. अन् आमी त्याले चिकट म्हणून राह्यलो. बाई, असा भाऊ दिवा घेऊन धुंडला तं नाई भेटत." त्यांचे डोळे खरोखर पाणावले.

मला हे सहन होईना. चुकीचे उत्तर बरोबर म्हणून तपासले गेले तर विद्यार्थ्याने स्वतः उठून सांगावे, असे आम्हाला शिकवले होते. "मामाजी," मी म्हणालो, "वस्तुस्थिती अशी आहे की तो निर्देशांक..."

आईने मला चहा आणायला आत पाठवले. मी आलो तेव्हा मामांनी दुसरा कपही मागितला होता.

सुपारी फुटली. बातमी माझ्या आधी बाजारात पोहोचली. पुढच्या खेपेला मिरचीवाल्या बाईंनी मला पाहून शेजारणीकडून कांदा घेतला नाही; उलट मला बसायला पोते दिले. "आधी सांगतलं असतं तं एवढं बोललो नसतो बाप्पा," त्या म्हणाल्या. आता मला खरेच विकत घेणे भाग होते, आणि लग्न तर होतेच. मी मिरची घेतली, गूळ घेतला, तेल घेतले, बादली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा थैली भरली. परंतु प्रत्येकाने लग्नघरचे म्हणून भाव उतरवला, आणि तो कुणीच इतर गिऱ्हाइकांना देत नव्हते. म्हणजे माल हातातून हातात गेला, पण तो भाव भाव नव्हता! पुस्तिकेत या परिस्थितीविषयी काही नव्हते. तक्त्यात 'भाव उतरण्याचे कारण' असा एक रकाना असे. तिथे मी पेन्सिलीने 'पाहणी करणाऱ्याच्या बहिणीचे लग्न' असे लिहून पाहिले आणि खोडले. त्या महिन्याचे भाव घ्यायला मी ज्येष्ठ सहकाऱ्यांना पाठवले. ते परत आले ते वैतागून. खांद्यावरची खाकी थैली पाहून बाजारात प्रत्येकाने त्यांना आधी माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख विचारली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला चाचा आपली पेटी घेऊन घरी आले. मामांनीच आग्रहाने त्यांना बोलावले होते. त्यांनी दोन-चारचे डझन वर काढून ठेवले होते. "साहेबसाठी राखून ठेवले," असे म्हणत त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला, आणि बोटे जवळ आणून दाबून पाहिली. बांगडीवाल्याला मनगट एका दाबात कळते. त्यांनी तिच्या अंगठ्यावरचा बरा होत आलेला ओरखडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. बायका गाणी म्हणत होत्या, मामा समोरच बसलेले होते. चाचांनी दोन-चारचे डझन मुकाट्याने पेटीत ठेवले, खालच्या कप्प्यातून दोन-सहा काढले आणि भरायला लागले.

बहिणीने नवऱ्याला सगळे पहिल्या आठवड्यातच सांगून टाकले. तो म्हणाला, ओरखडा त्याने सुपारीच्या दिवशीच पाहिला होता. आणि मीटरचे रीडिंग घ्यायला तो घरोघर जातो तेव्हा त्यालाही लोक विचारतात, येतोस दर महिन्याला, नेतोस काय? मामांना मात्र कुणी सांगितले नाही. ते शेवटपर्यंत आपल्या गावातल्या भावांना माझे उदाहरण देत, आणि त्या भावांच्या बहिणी माझ्याकडे मोठ्या आदराने पाहत. मी तो आदर खाली मान घालून स्वीकारीत असे. दुसरे काही करण्याची मला मनाई होती.

लग्नानंतरच्या पहिल्या बाजारी मी पुन्हा सकाळच्या गाडीने गेलो. मिरचीवाल्या बाईंनी जावयाची चौकशी केली आणि मी मिरचीचा शेवटचा भाव विचारला. त्यांनी तराजू उचलला. मी धन्यवाद म्हणालो. माझी पुण्याई तिथेच संपली. माझ्या मागे कांदे आणि मिरच्या घाईघाईने हात बदलू लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी चाचांच्या पेटीसमोर उकिडवा बसलो. हिरव्या, साध्या, दोन-चार, एक डझन.

चाचांनी पेटी उघडली नाही. "साहेब," ते म्हणाले, "बहन का हाथ दो-छे है. मैंने खुद भरे. अब तो सच बोलो. ये दो-चार किसका है?"

"सरकारचा," मी म्हणालो.

मग मी त्यांना सगळे सांगितले. तांदळाच्या उदाहरणासकट. मध्येच थांबवायला तिथे आई नव्हती, बहीण नव्हती, त्यामुळे स्पष्टीकरण पुरे झाले; माझ्या आयुष्यात अशी संधी फार थोड्या वेळा आली. चाचांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी एक बांगडी बोटावर फिरवली, तिच्या घेराकडे निरखून पाहिले आणि विचारले, "इतना बारीक हाथ? इतने बारीक हाथ से सरकार इतना लेती कैसे?"

आणि ते पेटीवर वाकून हसू लागले. बराच वेळ हसले. शेजारचा बिडीवाला वळून पाहू लागला. हसू ओसरल्यावर त्यांनी भाव सांगितला, घासाघीस न करता, एकदम शेवटचा. मी उठून चिंचेच्या झाडाकडे निघालो.

"उधर कायको जाता? इथीच लिहा," ते म्हणाले, आणि पेटीच्या काचेवर हात फिरवून मला कागद ठेवायला जागा करून दिली.